विशू, तो शॉट मी काढला

विशू, आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या घरी आलेला प्रत्येक जण तुझी आणि त्याची शेवटची भेट सांगत होता. कुणाला तू दोन दिवसांपूर्वी रस्त्यात थांबवून चहा पाजला होतास, कुणाची फोनवर नक्कल करून त्यालाच हसवलं होतंस. मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझ्याकडं सांगण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते तू मला म्हणाला होतास. "चोरी तू केलीस, कात्री. मी फक्त माल वापरला." त्यावर मी फोन बंद केला. चार दिवस तू केला नाहीस, मीही केला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तुझ्या नावानं फोन वाजला. मी मुद्दाम दोनदा वाजू दिला, मग उचलला. तुझी बायको नीता बोलत होती.

तुझं दिवसकार्य व्हायच्या आधीच दादांचा फोन आला. आपले दादा निर्माते झाले तरी फौंड्रीवालेच आहेत, आडवळणानं बोलणं त्यांना जमत नाही. "बाई, वेळ वंगाळ हाय, मला कळतंय. पर महोत्सवाला कॉपी पुढच्या सोमवारी पोचायला पायजे. विशूचं नाव व्हायचं तर आत्ताच हुईल. पिक्चर तयार हाय न्हवं?"

मी म्हणाले, एक शॉट सोडून तयार आहे.

"कुठला?"

"पद्माक्का डेअरीतनं घरी चालत जाते तो."

पलीकडं दादांनी कुणाला तरी मशीन बंद करायला सांगितलं. मग दादा म्हणाले, "आवो, पिक्चर त्याच शॉटवर उभा हाय. त्याला हात लावू नका. माणूस गेला, आता त्याचं तेवढं तरी ठेवा."

दहा दिवस होते. शॉट ठेवला तर तुझा शब्द राहत होता, काढला तर माझा. आणि ज्या बाईचा तो शॉट होता तिला आपण दोघांनी सात महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

तुला आठवतं, आपली ओळखही भांडणातूनच झाली. कॉलेजच्या फिल्म क्लबात तू उठून म्हणालास की संकलन म्हणजे नुसती कापाकापी, आणि मी मागच्या बाकावरून म्हणाले की मग तुमच्यासारख्यांची जीभ आधी कापायला पाहिजे. सगळा हॉल हसला. बाहेर आल्यावर तू माझ्यासमोर भडंगाचा पुडा धरलास आणि विचारलंस, "काय कात्री, खाणार का?" तेव्हापासून माझं नाव गेलं ते गेलंच. माझ्या लग्नाच्या आहेरावरसुद्धा तू "चि. सौ. कां. कात्री" असं लिहिलंस. सासूबाईंनी ते पाकीट कितीतरी वेळ उलटंसुलटं करून बघितलं होतं.

मग उद्यमनगरातली ती वरची खोली. खाली लेथ, शेजारी फौंड्रीसाठी लाकडी साचे करणारं पॅटर्नचं दुकान, त्यामुळं आवाजाचं काम फक्त सोमवारी, सगळं उद्यमनगर बंद असताना. बाकीचे सहा दिवस आपण चित्रं जोडायचो आणि एकमेकांवर ओरडायचो. खालचा लेथवाला एकदा वर येऊन म्हणाला होता, "मी मशीन बंद करतो, पर तुम्ही पन जरा बंद व्हा की." आपण चार पिक्चर तिथं केले. दोन कुणी बघितले नाहीत, एकाचं कौतुक झालं, आणि हा चौथा.

तुझी काम करण्याची एक खोड होती. तू "ॲक्शन" म्हणायचा नाहीस आणि "कट"ही म्हणायचा नाहीस. म्हणायचास, असं ओरडलं की साधा माणूस लगेच नट होतो. समीरला तू नुसती मान हलवून कॅमेरा चालू करायला सांगायचास, आणि तो बंद करायला तर कधी सांगायचासच नाहीस. समोरचा माणूस थकून "झालं का?" विचारीपर्यंत सगळं चालू. माझ्याकडं त्याचे डोंगर यायचे. मी वैतागायचे. पण त्या फुकट गेलेल्या मिनिटांतच कुठंतरी खरं माणूस सापडायचं, हेही मी पुष्कळदा बघितलेलं आहे. बघायला तूच मला शिकवलंस. हे तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तू ते पोस्टरवर छापलं असतंस.

पद्माक्का तुला अशीच मिळाली. हातकणंगल्याच्या अलीकडच्या त्या गावात आपण जागा बघत होतो आणि डेअरीच्या रांगेत ती मोजमाप करणाऱ्याशी फॅटवरून भांडत होती. साठीची, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट, आवाज शेताच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा. तू माझा दंड धरलास. "ही आई." पोटासाठी शहरात गेलेल्या मुलाची वर्षानुवर्षं वाट बघणारी आई, हा आपला पिक्चर. मी म्हणाले, ही कुणाची वाट बघत बसणारी दिसत नाही, जाऊन कान धरून आणेल. तू म्हणालास, म्हणूनच.

तिनं एकच अट घातली. "मी दिवस बुडायच्या आत जेवतो. आमच्या जैनांत तसंच हाय. त्येच्या आत मला सोडायचं." आणि तू, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हासाठी नटांना उपाशी ठेवणारा माणूस, अठ्ठावीस दिवस रोज त्या उन्हाकडं पाठ करून पॅकअप करत होतास. समीर रडकुंडीला यायचा. तू म्हणायचास, "ऊन उद्या पण येईल. म्हातारी उपाशी झोपली तर मला पाप लागेल." तो तू आणि नंतरचा तू हे दोघे एकच कसे, हे मला अजून जुळवता येत नाही.

आता ते सांगते, जे सांगायचं टाळत आले आहे.

निरोपाच्या सीनच्या आदल्या दुपारी अक्का माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होती. मी तिला उद्याचं समजावून सांगत होते. तुम्ही डेअरीत रांगेत उभ्या आहात, एक माणूस येतो, तुमचा मुलगा गेल्याचं सांगतो. तिचे हात थांबले. "डेअरीतच व्हय? मला पन निरोप तिथंच आलता." मग तिनं सांगितलं. तिची थोरली मुलगी सुनंदा, सहा वर्षांची. उसाच्या कडेला खेळत होती आणि पान लागलं. त्या गावात साप म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. अक्का दुधाची किटली घेऊन रांगेत उभी होती आणि तिची जाऊ रत्नाबाई धापा टाकत आली. काय झालं ते सांगितलंच नाही. नुसतं म्हणाली, "अक्का, घरला चल." अक्का पोचली तेव्हा पोर गेलेली होती. "तीस वर्सं झाली. पर घरला चल म्हनलं की अजून पोटात गोळा येतोय. म्हनून आमच्या घरात कुनी तसं म्हनत न्हाय," असं म्हणून तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मी ते संध्याकाळी तुला सांगितलं. सीनची जागा बदल, डेअरी नको, एवढ्यासाठी सांगितलं, असं मी सात महिने तुला आणि स्वतःला पटवत आले. ते अर्धंच खरं आहे. ती गोष्ट अस्सल होती, आणि अस्सल काही सापडलं की ते तुझ्यापुढं आणून टाकायची मला वीस वर्षांची सवय होती. तुझे डोळे चमकले तेव्हा मला बरं वाटलं होतं, विशू. त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू जागा बदलली नाहीस. निरोप्याच्या भूमिकेतल्या नटाला बाजूला घेतलंस, त्याचे पाठ केलेले चारही संवाद काढून टाकलेस आणि कानात काहीतरी सांगितलंस. मला दिसत होतं. कळायला मात्र वेळ लागला. तो रांगेजवळ आला आणि म्हणाला, "अक्का, घरला चल."

ती रडली नाही. तिनं खाली वाकून किटलीचं झाकण लावलं, दाबून घट्ट केलं, पदर सारखा केला आणि चालायला लागली. पिक्चरमधलं घर डावीकडं होतं. ती उजवीकडं वळली, दोन्ही बाजूंनी डोक्यापेक्षा उंच उभ्या उसातून, स्वतःच्या खऱ्या घराकडं. समीर कॅमेरा खांद्यावर घेऊन मागं. तू त्याच्या मागं, तोंडावर हात धरून. चार मिनिटं. दारात पोचल्यावर तिनं किटली खाली ठेवली आणि वळून आपल्याकडं बघितलं. आपण कोण आहोत हे तिला ओळखू यायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "झालं?" तू पुढं होऊन तिच्या पायांना हात लावायला गेलास. तिनं पाय मागं घेतले.

त्या दिवशी ती दिवस बुडायच्या आत जेवली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली. तेवढ्यावर आपण तिची हरकत नाही असं धरलं. शब्द दिला म्हणून ती आली असेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढचे सात महिने त्या खोलीत आपण काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. मी तो शॉट बारा वेळा काढला आणि तू तेरा वेळा घातलास. तू म्हणायचास, असा शॉट आयुष्यात एकदा मिळतो. मी म्हणायचे, मिळालेला नाही, काढून घेतलेला आहे. तू म्हणायचास, बघणाऱ्याला त्याचं काय. मग एक दिवस मी चोरी हा शब्द वापरला, आणि तू तो उलटवून माझ्याकडं फेकलास. इतका जोरात लागला, कारण बरोबर जागी लागला.

नीतानं तुझी हार्ड डिस्क माझ्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, "तुला जे योग्य वाटेल ते कर. तो म्हणायचा, शेवटी कात्रीच ठरवते." मला तुझा भयंकर राग आला. जिवंतपणी एक फ्रेम सोडली नाहीस, आणि आता हे. पाच दिवस मी नुसती मशीनपुढं बसून होते. शॉट काढला की पिक्चर लंगडा व्हायचा, ठेवला की मला घास जायचा नाही. सहाव्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घातला आणि हातकणंगल्याची एसटी धरली.

अक्का गोठ्यात होती. तू गेल्याचं तिला कळलेलं होतं. "वाईट झालं गं पोरी. वय न्हवतं त्येचं," म्हणाली, आणि मला पाणी दिलं. मी म्हणाले, अक्का, एक दाखवायचंय. तुम्ही नको म्हणालात तर ते काढते. ओसरीत पाटावर लॅपटॉप ठेवला. तिनं चष्मा लावला. चार मिनिटं ती पापणी न हलवता बघत होती आणि मी तिच्याकडं. संपल्यावर म्हणाली, "म्होरलं मागं घे." मी मागं घेतलं. "तितं थांबीव." ती वाकून झाकण लावते तिथं मी थांबवलं.

"बघ," ती म्हणाली. "झाकान लावतोय मी. पोरगी तिकडं, आन् मी झाकान लावतोय." तिनं चष्मा काढला. "सासू जलमभर हेच म्हनत हुती. पळत आली असतीस तर पोर जित्ती घावली असती, तोंड तरी बघितलं असतंस. दुधाचं झाकान लावत बसलीस. मी म्हनायचो, न्हाय हो अत्ती, मी न्हाय लावलं, मी तशीच आलो. तीस वर्सं भांडलो तिच्याशी. ती मरूस्तवर भांडलो. आन् हे बघ."

ही अर्धी गोष्ट तिनं मला सांगितलेली नव्हती, विशू. म्हणजे तुलाही माहीत नव्हती. आपण नुसती जखम उघडी केली असं मी समजत होते. आपण तिला तिच्याविरुद्धचा पुरावा काढून दिला होता.

मी लॅपटॉप मिटला. तीच पुढं बोलली. "इशूला मी दोष देत न्हाय. त्येचं कामच हाय त्ये. पर त्येला सांगितलं कुनी, ह्ये मला ठावं हाय. घरातली तसं म्हनत न्हाईत, पर का ते त्येंस्नी ठावं न्हाय. डेअरीतलं ते सबूद दोघींनाच म्हाईत. मी आन् रत्नी. सात म्हैनं झालं, तिच्याशी बोललो न्हाय मी. तिच्या नातवाच्या बारशाला गेलो न्हाय."

रत्नाबाईंचं घर समोरच आहे, मध्ये फक्त गल्ली. ओसरीतून त्यांचं तुळशीवृंदावन दिसत होतं आणि बाहेर वाळत घातलेली दुपटी. मला तेव्हा पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू गेलेला होतास, तुझ्यावर सगळं ढकलणं सोपं होतं. तुला कुणीतरी गावात सांगितलं असेल, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. तिनं मलाही सांगितलं होतं हे ती विसरूनच गेली होती. तांदूळ निवडता निवडता बोललेलं ते, तिच्या दृष्टीनं ते सांगणं नव्हतंच.

मी म्हणाले, "अक्का, रत्नाबाईंनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

ती उठली, बादली उचलली आणि गोठ्यात गेली. म्हशीला पाणी दाखवलं, शेण काढलं, वैरण टाकली. मी ओसरीत बसून राहिले. जा म्हणाली नव्हती आणि थांब म्हणाली नव्हती. इतका वेळ मला कुणी शिक्षा केलेली नाही. शेवटी हात धुऊन ती पुढं आली आणि मला म्हणाली, "ऊठ. चल."

गल्ली ओलांडून ती थेट रत्नाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. रत्नाबाई शेंगा फोडत होत्या, त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. अक्का मला म्हणाली, "सांग हिला." मी सांगितलं. सगळं, कुणाला, कधी, कशासाठी, ते अर्धं खरंसुद्धा. रत्नाबाईंनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडं न बघता जावेवर तोफ डागली. "मी शंभरदा सांगितलं न्हाय तुला? देवाची आन घेतली. तवा पटलं न्हाय, आन् परक्या बाईनं सांगितल्यावर पटलं व्हय?" अक्का म्हणाली, "चुकलं माजं." "चुकलं म्हनं! बारशाला लाडू तुझ्या वाटचं ठेवलतं मी, मुंग्या लागल्या." मग दोघीही रडायला लागल्या आणि मी दारात उभी राहिले, कारण मला आत ये असं कुणी म्हणेना. बऱ्याच वेळानं रत्नाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "ह्या बाईला च्या तरी दिऊया का तसंच घालवूया?" अक्का म्हणाली, "दे. पर साखर कमी घाल."

निघताना अक्का म्हणाली, "त्यो काढ. झाकनाचा."

"काढते, अक्का."

"त्येच्या जागी काय घालनार?"

"काही नाही."

"खुळी का काय? निरोप येतोय आन् बाईच न्हाय? लोक म्हनतील, पद्माक्काला काम जमलं न्हाय." तिनं रत्नाबाईंकडं बघितलं. "परत करूया. पर मला आदी समदं सांगून. आन् निरोप त्यो बाप्या न्हाय देनार. रत्नी देईल."

रत्नाबाई ओरडल्याच, मला न्हाय जमायचं म्हणून. अक्का म्हणाली, "एकदा जमलंय की तुला."

दादांना फोन केला तेव्हा ते आधी चिडले. डायरेक्टर नाही आणि शूटिंग कसलं, चार दिवस राहिलेत, डोकं ठिकाणावर आहे का. मी म्हणाले, दादा, अक्का नको म्हणाली. त्यांचा आवाज खाली आला. "बाईमाणसाचा शब्द मोडून मला काय बक्षीस नगं," म्हणाले आणि स्वतःची गाडी पाठवली.

समीरचा जीव मात्र उसात अडकला होता. तिथं पोचलो तर ऊस कुठं होता! मधे तोड होऊन गेली होती. डेअरीपासून अक्काच्या दारापर्यंत नुसतं मोकळं रान, जाळलेला पाला आणि मधून पायवाट. आधीच्या सीनला हिरवागार ऊस आणि हे असं, जुळणार कसं? तो कपाळाला हात लावून बसला. मला एकदम सुचलं की न जुळू दे. मध्ये ऊसतोडीचा एक शॉट घातला की झालं, बाईचा वाट बघण्यात आणखी एक हंगाम गेला. हे तू असतास तर लगेच ढापलं असतंस आणि मुलाखतीत स्वतःचं म्हणून सांगितलं असतंस. आणि ऊस नसल्यामुळं अक्का थेट दारापर्यंत दिसणार होती. तिच्या मागं जायची गरजच नव्हती. मी समीरला म्हणाले, कॅमेरा इथंच ठेव, तिला एकटीला जाऊ दे.

आवाज मीच घेत होते. अक्काच्या पदराआड माइक लावला, कानाला हेडफोन घातले. तिला सगळं सांगितलं. रत्नाबाई इकडून येतील, हे म्हणतील, तुम्ही घरापर्यंत जायचं, तुमच्या मनाला येईल तसं. ती नुसती व्हय म्हणाली.  तू तिथं नव्हतास आणि सगळे माझ्याकडं बघत होते.

रत्नाबाई आल्या.  दोनदा ओठ हलले, मग कसंबसं आलं, "अक्का, घरला चल."

ती पळाली, विशू. साठीची बाई, हातातली किटली तिथंच टाकून, काष्टा सावरत, त्या जळक्या रानातून जिवाच्या आकांतानं पळत सुटली. दूध मातीत गेलं. रांगेतल्या बायका खरोखरच बाजूला सरल्या. एकदा ती ठेचकाळली, पडते की काय असं वाटलं, तशीच पुढं गेली. लहान लहान होत गेली, दारात पोचली आणि उंबऱ्याला धरून उभी राहिली. माझ्या कानात फक्त तिचा श्वास होता. आणि मग, कुणालाच ऐकू जाणार नाही असं समजून ती हळूच म्हणाली, "आत्ता घावली असती."

ते फक्त मी ऐकलं. समीरनं नाही, रत्नाबाईंनीही नाही. मी कट म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि हेडफोन काढून डेअरीच्या कट्ट्यावर बसले. उठायला मला वेळ लागला.

तो शॉट थोडा कच्चा आहे. एका जागी फोकस सुटलाय, अक्काचा चेहरा तर दिसतच नाही. तुझा शॉट याच्यापेक्षा चांगला होता, हे मी इथं कबूल करते. पण हा तिनं दिलेला आहे. सोमवारी पिक्चर गेला. दिग्दर्शक म्हणून तुझंच नाव आहे, दुसरं कुणाचं असणार?

हे लिहू का, म्हणून परवा अक्काला फोन केला. तिच्या त्या शब्दांसकट सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिव्ह की. वाचनारा आपापल्या घरात एकटा वाचतोय. थेटरात समदी मिळून बघत्यात. तितं नगं."

तिचे ते शब्द तिथं नाहीतच. तिला विचारायच्या आधीच मी ते कापलं होतं. ती उंबऱ्याला पोचते आणि आवाज तिथंच संपतो. ते शब्द तू कुठं ठेवले असतेस ते मला माहीत आहे. अगदी शेवटी, काळ्या पडद्यावर, चित्र संपल्यावर. थिएटरात एक माणूस जागचा हलला नसता. मी एकदा तसं लावून बघितलंसुद्धा. अंगावर काटा आला, आणि मग मी काढून टाकलं, मूळ फाइलमधूनही. कुणी अडवलं नाही. कुणी परत घातलं नाही. सोमवार होता, खालचा लेथ बंद होता, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. मी खूप रडले. भांडायला तू पाहिजे होतास, विशू.